प्रकरणं वाटून घेतली की एकाच्या जागी तीन अभ्यासक्रम होतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातली तुमची संस्था, नेदरलँड्समधली एक आणि इथिओपियातली एक अशा तिघींनी मिळून, गावात ठिबक संचाची देखभाल-दुरुस्ती करू शकतील अशा तरुणांसाठी 5 दिवसांचं प्रशिक्षण तयार करायला घेतलंय. 12 प्रकरणं ठरली, प्रत्येकाने 4 वाटून घेतली. तीन महिन्यांत दोनशेच्या वर स्लाईड झाल्या, पण एकाचा एकाला मेळ नाही. दर आठवड्याला बैठक होते आणि सगळे ‘छान चाललंय’ म्हणून उठतात. आता तुम्ही विचारताय, की कोणतं सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे हे काम रुळावर येईल.

सॉफ्टवेअरचं दोन ओळींत सांगतो, कारण तिथे तुमचं दुखणं नाही. सगळ्यांना एकाच वेळी लिहिता येईल असं एक सामायिक कागदपत्र आणि एक तक्ता, एवढ्यावर भागतं. जे तुमच्याकडे आधीच आहे तेच वापरा.

खरं दुखणं वेगळं आहे. तीन संस्थांच्या डोळ्यांसमोर तीन वेगळे शिकाऊ आहेत. तुमच्या डोळ्यांसमोर दहावी-बारावी झालेला, मोटार आणि स्टार्टरशी झटापट करणारा, बोअरच्या जड पाण्याने पांढरे पडलेले ड्रिपर (नळीवरची थेंब सोडणारी तोंडं) रोज बघणारा मुलगा आहे. डच अभियंत्याच्या डोळ्यांसमोर काचगृह आहे. तिकडे छतावरचं पावसाचं पाणी साठवून ठिबकला देतात, त्यात क्षार नावालाच. इथिओपियातल्या मंडळींकडे, तुम्हीच लिहिलंय त्याप्रमाणे, मीटर-दीड मीटर उंचीवर टाकी ठेवून चालणारे छोटे संच आहेत. मग ‘ड्रिपर का तुंबतो’ हे प्रकरण ज्याच्या वाट्याला आलं त्याने आपल्या शेतावरचं लिहिलं, आणि ‘दाब किती हवा’ हे दुसऱ्याने त्याच्या शेतावरचं. दोन्ही बरोबर, पण एकत्र ठेवले की दोन्ही चूक.

म्हणून प्रकरणांची वाटणी आधी मोडा. स्लाईड फेकू नका, एका फोल्डरमध्ये ठेवून द्या. त्यातल्या बऱ्याच पुढे कामाला येतील, पण आज त्या उघडायच्या नाहीत.

सुरुवात शेवटच्या दिवसापासून करा. पाचव्या दिवशी दुपारी शिकाऊ मुलाने काय करून दाखवलं म्हणजे आपण त्याला गावात पाठवू, हे तिघांनी मिळून एका पानावर लिहायचं. ‘ठिबक सिंचनाचं महत्त्व समजेल’ असलं वाक्य तिथे चालणार नाही, कारण समजलं की नाही हे दिसत नाही. तुमच्या विषयात ते पान साधारण असं होईल: दहा गुंठ्यांच्या एका सेक्शनमध्ये, म्हणजे एका व्हॉल्व्हवर चालणाऱ्या भागात, मुद्दाम पाच बिघाड करून ठेवायचे. एक नळी कापलेली, एका ओळीतले ड्रिपर तुंबवलेले, फिल्टर चोंदलेला, एक एन्ड कॅप (नळीच्या टोकाचं झाकण) गळकी, आणि व्हॉल्व्ह अर्धवट बंद करून पाडलेला दाब. 60 मिनिटांत मुलाने बिघाड शोधायचे, कोणता आधी काढायचा ते ठरवायचं, दुरुस्त करायचे आणि दुरुस्तीच्या आधी व नंतर पाणी किती समान पडतं ते मोजून लिहायचं. हे पाच बिघाड बीडमध्येही करता येतात आणि टाकीवरच्या संचावरही. फक्त त्या संचाच्या टाकीखालीही एक छोटा फिल्टर असायला हवा. नसेल तर तो बसवणं हेच त्यांच्या प्रशिक्षणाचं पहिलं काम.

हे एक पान ठरायला तीन आठवडे लागले तरी लागू द्या. भांडणं व्हायची ती इथेच झालेली परवडतात.

गुणांचा तक्ताही त्याच वेळी करायचा, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्याच उत्तरांचा, 10 ओळींचा. ‘फिल्टर उघडण्याआधी पाणी बंद केलं आणि दाब शून्यावर आल्याचं मोजून पाहिलं’ ही चांगली ओळ. ‘फिल्टर नीट हाताळला’ ही वाईट ओळ, कारण ‘नीट’चा अर्थ बीडला एक आणि इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबाला, दुसरा. तक्ता बरा झालाय का हे बघायची सोपी युक्ती आहे. एका मेकॅनिकचं काम मोबाईलवर चित्रित करा आणि तिन्ही देशांतल्या एकेका परीक्षकाला एकमेकांशी न बोलता गुण द्यायला सांगा. 10 पैकी एकापेक्षा जास्त ओळींवर मतं वेगळी आली, तर परीक्षकांना समजावत बसू नका, त्या ओळी पुन्हा लिहा.

आता मुख्य गोष्ट, जिच्यावर असे संयुक्त अभ्यासक्रम तरतात किंवा बुडतात. मजकुराचे दोन थर करा: सगळ्यांचा एकच गाभा, आणि त्यावर ज्याचा त्याचा स्थानिक भाग. हे बहुतेक जण करतात, पण सीमा चुकीच्या जागी आखतात. सोपा विषय गाभ्यात, अवघड स्थानिक, किंवा सिद्धान्त गाभ्यात आणि प्रात्यक्षिक स्थानिक, अशी विभागणी होते. माझा नियम वेगळा आहे. गाभ्यात आकडा काढायची पद्धत ठेवायची, निघालेला आकडा स्थानिक भागात.

क्षारांनी तुंबलेले ड्रिपर मोकळे करायच्या आम्लप्रक्रियेचंच घ्या. इतके लीटर पाण्याला इतकं आम्ल, असा आकडा गाभ्यात लिहिला की तो बीडमध्ये कमी पडेल आणि पावसाच्या पाण्यावर जास्त होईल. गाभ्यात पद्धत लिहा: विहिरीचं किंवा बोअरचं 10 लीटर पाणी बादलीत घ्या, प्लास्टिकच्या सिरिंजने थोडं थोडं आम्ल टाका, ढवळा, पीएच (आम्लतेचं माप) कागदाने बघा, पीएच 4 ला आला की थांबा आणि किती मिली लागलं ते लिहा. समजा 6 मिली लागलं, म्हणजे लीटरला 0.6 मिली. सेक्शनमध्ये ताशी 4 लीटरचे 1000 ड्रिपर असतील तर ताशी 4000 लीटर पाणी जातं, 15 मिनिटांत 1000 लीटर, म्हणजे त्या 15 मिनिटांत 600 मिली आम्ल सोडायचं. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा पीएच 4 आला की संच बंद, 24 तास तसाच ठेवायचा, मग फिल्टर साफ करून नळ्यांची टोकं उघडून फ्लश करायचं, म्हणजे आतली घाण पाण्याने वाहून जाऊ द्यायची. ही रीत जगात कुठेही चालते. आम्ल कोणतं, ते बाजारात कोणत्या तीव्रतेचं मिळतं, व्हेंचुरीतून (पाण्याच्या प्रवाहाने द्रव ओढून घेणाऱ्या जोडणीतून) सोडायचं की टाकीतच मिसळायचं, हे ज्याचं त्याने आपल्या भागात लिहावं.

दाबाचंही तेच. आपल्याकडे सगळे ‘एक किलो प्रेशर’ म्हणतात, डच माणूस बार म्हणतो, आणि कंपनीच्या कागदावर पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असतं. 1 बार म्हणजे 1.02 किलो प्रति चौरस सेंटिमीटर किंवा साधारण 14.5 पीएसआय, त्यामुळे बार आणि किलो एकच धरले तरी शेतात बिघडत नाही. पण टाकी दीड मीटर उंच असेल तर दाब जेमतेम 0.15 किलो. तिथे ‘एक किलो ठेवा’ ही सूचना वाचून मुलगा गोंधळणारच. गाभ्यात लिहायचं ते असं: तुमच्या ड्रिपरला किती दाब सांगितलाय ते शोधा, सेक्शनच्या सुरुवातीला आणि टोकाला मोजा, फरक लिहा. टाकीच्या संचावर गेज काही दाखवणार नाही. तिथे पारदर्शक नळी उभी धरून पाण्याची उंची मोजतात, आणि हे स्थानिक भागात जाईल.

काही आकडे मात्र गाभ्यातलेच असतात, कारण ते जागेवर अवलंबून नाहीत. पाणी समान पडतं का हे बघायला चार नळ्या, प्रत्येकीवर चार ड्रिपर, असे 16 ड्रिपर निवडून 3-3 मिनिटं पाणी भांड्यात धरायचं. ताशी 4 लीटरचा ड्रिपर असेल तर 3 मिनिटांत 200 मिली यायला हवं. सगळ्यांची सरासरी काढा, मग सगळ्यात कमी पाणी देणाऱ्या चार ड्रिपरची सरासरी काढा, दुसरीला पहिलीने भागून 100 ने गुणा. सरासरी 180 आणि तळाच्या चारांची 126 आली, तर उत्तर 70. नव्वदच्या वर उत्तम, ऐंशी ते नव्वद चांगलं, सत्तरच्या खाली संच आजारी. ही मोजणी नेदरलँड्समध्ये आणि बीडच्या गेवराईत सारखीच. माझ्या मते तुमच्या सगळ्या अभ्यासक्रमाचा कणा हीच मोजणी असावी. तिला मोजपात्र, घड्याळ आणि भागाकार एवढंच लागतं, आणि शेतकऱ्याला ‘तुमचा संच सत्तरवर आलाय’ म्हटलं की कळतं.

सुरक्षेची दोन वाक्यं गाभ्यात, आणि तीही जशीच्या तशी, कोणत्याही देशाला बदलायची मुभा न देता: आम्ल पाण्यात टाकायचं, आम्लात पाणी कधीच नाही. आणि आम्ल व ब्लिचिंग पावडर एकत्र येऊ द्यायचे नाहीत, विषारी क्लोरीन वायू सुटतो. म्हणून या दोन्हींपैकी एकाची प्रक्रिया झाल्यावर संच पूर्ण फ्लश केल्याशिवाय दुसऱ्याची सुरू करायची नाही.

आता माणसांची वाटणी. प्रकरणांऐवजी कामं वाटा. परीक्षा आणि गुणतक्ता एकाकडे, तांत्रिक बरोबर-चूक बघणं दुसऱ्याकडे, सत्रांची रचना तिसऱ्याकडे, आणि स्थानिक भाग ज्याचा त्याच्याकडे. प्रत्येक कामाला अंतिम शब्द कोणाचा हे नावानिशी लिहून ठेवा. ज्या देशातून पैसा येतो त्याचा शब्द आपोआप अंतिम होतो, हा या कामातला जुना रोग आहे. बीडच्या स्थानिक भागात डच अभियंत्याने सूचना जरूर द्यावी, पण निर्णय बीडचा. उलट, फिल्टरच्या आधी आणि नंतरच्या दाबात किती फरक आला की बॅकवॉश करायचा (उलट दिशेने पाणी सोडून फिल्टर धुवायचा), अशा गोष्टींवर ‘आमच्याकडे असंच चालतं’ हे उत्तर नाही. तिथे तांत्रिक जबाबदारी ज्याची त्याचं ऐकायचं. (आपल्याकडे 0.5 किलोच्या पुढे फरक गेला की फिल्टर साफ करा असं सांगतात. टाकीवरच्या संचात एवढा दाबच नसतो, तिथे दिवसांच्या हिशोबाने साफ करावा लागेल.) तुमच्या बाजूने तांत्रिक पडताळणीला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाल्मीतला (जल व भूमी व्यवस्थापन संस्थेतला) कोणी जाणकार मिळाला तर उत्तमच. अर्धा दिवस मागा, तेवढा पुरतो.

‘छान चाललंय’ म्हणून उठणाऱ्या बैठकींबद्दल. आपल्याकडे वरिष्ठ किंवा पाहुणा समोर असला की ‘हो, चालतंय की’ म्हणायची सवय आहे, आणि इंग्रजीत बोलायचं असेल तर माणूस आणखीच गप्प बसतो. गप्प राहण्याला संमती समजलं की पुढच्या महिन्यात घोळ. उपाय साधा आहे: मसुदा बैठकीच्या 48 तास आधी पाठवायचा, आणि प्रत्येक संस्थेने निदान एक हरकत लेखी द्यायचीच. हरकत नसेल तर बैठकच नाही. बोलायला बिचकणारी माणसं लिहायला तेवढी बिचकत नाहीत, हे तुमच्याही लक्षात येईल.

वेळेचा हिशोब एकदाच नीट करून ठेवा. अदिस अबाबा आपल्यापेक्षा अडीच तास मागे, बारा महिने. नेदरलँड्स हिवाळ्यात साडेचार तास मागे आणि उन्हाळ्यात साडेतीन, कारण मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत येतं. आपल्याकडची दुपारी 2 ते 3 ही वेळ वर्षभर तिघांना जमते. आणि एक जागा जिथे बहुतेक जण फसतात: इथिओपियात रोजच्या व्यवहारात तास सकाळी 6 पासून मोजतात. आपल्या घड्याळातले सकाळचे 8 म्हणजे त्यांचे 2. त्यांचं पंचांगही वेगळं, 13 महिन्यांचं, आणि सन आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे. निमंत्रणात नुसतं ‘11:30’ लिहिलं तर कोणी त्यांच्या हिशोबाने धरेल. तिन्ही ठिकाणची वेळ, ‘सकाळी’ किंवा ‘दुपारी’ या शब्दासकट लिहा.

भाषेकडे लोक शेवटी वळतात, तिथेच पैसा आणि वेळ जातो. मधली भाषा इंग्रजी राहील, हरकत नाही, पण ते इंग्रजी आखूड वाक्यांचं, एका वाक्यात एकच क्रिया असलेलं असावं. पहिल्याच महिन्यात 60 शब्दांची यादी करा: इंग्रजी, मराठी, अम्हारिक (इथिओपियातली भाषा), आणि शेजारी फोटो. मराठीच्या रकान्यात शेतकरी म्हणतो तोच शब्द. ‘उत्सर्जक’ लिहिलं तर कोणाच्या बापाला कळणार नाही, ड्रिपर म्हणा. लॅटरलला लोक नळी म्हणतात, वीज गेली तर लाईट गेली म्हणतात. तेच छापा. भाषांतर बरोबर झालं का हे बघायला उलट भाषांतर करून घेतात, पण मला ते फारसं उपयोगी वाटत नाही. मराठी पान एखाद्या मेकॅनिकला द्या, वाचून घ्या, कागद काढून घ्या आणि म्हणा, ‘आता करून दाखव.’ जिथे तो अडेल ती ओळ चुकली.

चित्रांत शब्द कोरू नका. भागांवर 1, 2, 3 असे आकडे घाला आणि अर्थ खाली वेगळ्या मजकुरात द्या, म्हणजे अम्हारिकसाठी चित्र पुन्हा काढावं लागणार नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाईप करा. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की खिचडी होते, आणि ते तिकडच्या माणसाला कळणारही नाही, तो तशीच छापून मोकळा होईल. डच साच्यात मराठी ओतताना ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर वेलांट्या आणि मात्रा कापल्या जातात.

पाच दिवसांचे रोज 6 धरून 30 तास. त्यातले बसून ऐकण्याचे 8 च्या वर नकोत. प्रत्येक सत्राला एकच पान: मुलगा काय करेल, साहित्य काय लागेल, किती मिनिटं, झालं हे कशावरून कळेल. एक तासाचं प्रात्यक्षिकाचं सत्र नीट बांधायला, तपासायला आणि सुधारायला सगळ्यांचे मिळून 25 ते 30 तास धरा. स्लाईड किती लागतील? बहुधा 40. आधीच्या दोनशेंपैकी उरलेल्या चांगल्या स्लाईड प्रशिक्षकाच्या पुस्तिकेत जातील.

मालकीचं आत्ताच ठरवा. पुढे इतर संस्थांनी वापरावं अशी इच्छा असेल तर पहिल्या पानावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा (इतरांना ठरावीक अटींवर वापरायची मुभा देणारा) परवाना छापा. शेतकऱ्यांचे फोटो घेताना लेखी संमती घ्या, आणि शिकाऊ मुलांची नावं-मोबाईल नंबर सामायिक फोल्डरमध्ये ठेवू नका. युरोपात 2018 पासून खासगी माहितीचा कडक कायदा लागू आहे, आपल्याकडेही 2023 मध्ये कायदा झालाय.

राहिली चाचणी. पहिलं प्रशिक्षण तिन्हीकडे एकदम घेऊ नका, एकाच ठिकाणी घ्या. बीडला घेणार असाल तर तारीख विहिरीतल्या पाण्यावर ठरते. एप्रिल-मे मध्ये संच असतो, शेत असतं, पण विहिरीला पाणी नसतं, आणि कोरड्या नळ्यांवर ही मोजणी होत नाही. जून-जुलै पेरणीत जातो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ बरा, पण तुमच्या जिल्ह्यातली कितीतरी घरं तेव्हा ऊसतोडीला गेलेली असतात, त्यामुळे मुलं निवडतानाच कोण गावात राहणार ते विचारा. नाताळ ते नववर्ष डच मंडळी मिळणार नाहीत. इथिओपियात नाताळ 7 जानेवारीला आणि तिमकतचा मोठा सण 19 जानेवारीच्या आसपास. म्हणजे फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. त्यांच्या पाहुण्यांसाठी जेवण ठरवताना एवढं लक्षात ठेवा, की तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरआधीच्या लांब उपवासात मांस-दूध-अंडी खात नाहीत. आपली भाकरी, ठेचा आणि तुरीचं वरण त्यांना सहज चालेल, फक्त तुपाची धार नको.

मुलं 12 ते 16, प्रशिक्षक दोन, आणि एक एकर शेत, म्हणजे 40 गुंठ्यांचे दहा-दहा गुंठ्यांचे चार सेक्शन, एकेका गटाला एक. शेत ठरवायच्या आधी गावच्या शेती फीडरला कोणत्या दिवशी दिवसा लाईट असते आणि कोणत्या दिवशी रात्री, ते महावितरणच्या वायरमनला विचारून लिहून घ्या. ज्या दिवशी लाईट रात्री, त्या दिवशी नळ्या जोडणं, ग्रोमेट (नळी जोडायच्या छिद्रातलं रबर) बसवणं, फिल्टर उघडून साफ करणं आणि आम्लाचा बादलीतला प्रयोग ठेवा, त्याला मोटार लागत नाही. आम्ल सोडण्याचा दिवस आणि फ्लश करण्याचा दिवस यांत 24 तास हवेत, आणि पाचव्या दिवशी परीक्षेलाही पाणी चालू लागतं, त्यामुळे तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या दिवशी दिवसा लाईट असेलच असा आठवडा निवडा. तसा आठवडा जमला नाही तर डिझेल इंजिन भाड्याने घ्या आणि तो खर्च अंदाजपत्रकात आत्ताच टाका. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म भरून घ्यायचा असेल तर घ्या, त्यात सगळे ‘उत्तम’ लिहितील. सहा आठवड्यांनी चार-पाच मुलांच्या गावात जाऊन त्यांनी दुरुस्त केलेल्या संचावर तीच 16 ड्रिपरची मोजणी करा, आणि ते आकडे इथिओपियातली तुकडी सुरू व्हायच्या आधी त्यांच्या हातात द्या.